सुकलाल आप्पांचा तिवारी

सुकलाल आप्पा रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर पोलिसांची मालिका बघतात, पण खुनी कोण हे त्यांना माहीत नसतं. म्हणजे मालिका बघून झाल्यावरही माहीत नसतं.

शेवटच्या पाच मिनिटांत इन्स्पेक्टर चौहान सगळ्या संशयितांना एका खोलीत उभं करतो, चालत चालत एकेकाच्या तोंडाकडे बघतो, मग गर्रकन वळून बोट रोखतो. खुनी घाम पुसतो. आणि नेमक्या त्या क्षणाला आमचे आप्पा उठतात, टीव्हीपाशी जातात आणि खुन्याच्या तोंडावर आपला पंजा ठेवतात. तो मध्ये येतो म्हणून. त्यांना मागे दारापाशी उभा असलेला हवालदार तिवारी बघायचा असतो.

"अहो आप्पा, खुनी दिसू द्या की!"

"त्याले काय देखनं? तो आज शे, उद्या नही. तिवारी रोजना शे."

खून कुठे झाला, सुरीनं झाला की विषानं, याची त्यांना काही पडलेली नसते. मुडदा दिसला की ते मान फिरवून पंख्याकडे बघत बसतात, मुडदा हलवला की परत टीव्हीकडे. मी कधी उशिरा पोचलो आणि विचारलं, काय झालं आज, तर ते सांगणार, "सायेब जीपमा बठना. तिवारी मांगे बठना. रोज पुढे बठस, आज मांगे." एवढाच त्यांचा सारांश. त्या दिवशी एका बंगल्यात तीन माणसं मेलेली असतात, ते मला दुसऱ्या दिवशी खात्यातल्या पोरांकडून कळतं.

खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. सुरतेत असंच म्हणतात. आम्ही दोघंही खानदेशातले, आणि नवागाममधल्या एकाच सोसायटीत राहतो. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात एक भिंत. ती इतकी पातळ, की त्यांनी ठसका दिला तर माझी बायको सुनंदा इकडून म्हणते, "पाणी प्या हो आप्पा."

आप्पा हल्ली घरी बसून धागाकटिंग करतात. टेम्पोवाला साड्यांचे गठ्ठे टाकून जातो. भरतकामाच्या मशीनवर साडी निघाली की मागच्या बाजूला धाग्यांची लोंबती शेपटं राहतात, ती छोट्या कात्रीनं कापायची. मांडीवर साडी, हातात कात्री, डोळे टीव्हीवर. आणि टीव्हीचा आवाज बंद.

हो, संपूर्ण बंद. संध्याकाळी ते मुकी मालिका बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तोच भाग परत लागतो, तेव्हा आवाज चढवून बघतात आणि आदल्या संध्याकाळी आपण जे ताडलं ते बरोबर होतं का, ते तपासतात. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कापड आधी उलट्या अंगनं देखतस. सुलट्या अंगनं सगळंच चांगलं दिसस." त्यामुळे त्यांच्याकडे टीव्ही बघायला सोसायटीतलं कुणी येत नाही. मी सोडून.

चौहान आणि तिवारी यांच्यात चहा किती वेळा विचारला गेला, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला, दार उघडल्यावर आधी कोण आत गेलं, हे सगळं आप्पांना तोंडपाठ. तिवारी नुसता "जी साहब" म्हणतो, पण आप्पा त्या "जी साहब"चे प्रकार सांगतात. पोट भरलेलं असतानाचं वेगळं, रजा हवी असतानाचं वेगळं, आणि साहेबाचं चुकतंय हे दिसतंय पण बोलता येत नाही, ते वेगळं. आणि हे सगळं ओठांच्या हालचालीवरून. दोघांपैकी एकाच्या चेहऱ्यावर जरासं काही पालटलं, की आप्पा कात्री त्या दिशेला रोखतात. "देख. आठे लॉट बदलना."

हा शब्द लूमवरचा आहे, तो सांगावा लागेल. आणि तो सांगायचा म्हणजे मला माझ्याबद्दलही सांगावं लागेल. या लिखाणात मी ते जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकलणार होतो, पण आता आलोच आहे तिथे.

सूत कंपनीतून येतं ते खोक्यांतून, आणि प्रत्येक खोक्यावर लॉट नंबरचा स्टिकर असतो. दोन लॉटचं सूत दिसायला सारखंच. पांढरं ते पांढरं. पण एकाच ताक्यात, म्हणजे कापडाच्या एका ठाणात, दोन लॉट विणले गेले आणि तो ताका सचिन भागातल्या मिलमध्ये रंगायला गेला, की एक लॉट रंग जास्त पितो आणि एक कमी. कापडावर आडवे पट्टे उठतात. कोऱ्या कापडात हे कुणालाही दिसत नाही. कुणालाही म्हणजे, सुकलाल आप्पा सोडून. ते सुताचा पदर दोन बोटांत धरून उजेडाकडे करत आणि सांगत, हे निराळं आहे. आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या खात्यांचे मास्तर, म्हणजे मुकादमसुद्धा सुताचे दोन कोन, ती शंकूसारखी रिळं, घेऊन यायचे, "आप्पा, जरा देखोने." अठरा वर्षं ते एका शेठकडे लूम चालवत होते, आणि मला त्या खात्यात सुताच्या गोडाऊनवर चिकटवलं तेही त्यांनीच. गावाकडून मी आलो तेव्हा माझ्याकडे एक पिशवी आणि त्यांचं नाव, एवढंच होतं.

अकरा वर्षं झाली. दिवाळीला सुरतेतली खाती बंद होतात, कारीगर गावी जातात. त्याआधी शेठचं फर्मान असतं, गोडाऊन चकाचक पाहिजे, पूजा आहे. अर्धवट राहिलेली खोकी कोपऱ्यात पडली होती. मलाही सुट्टीची घाई, बसचं तिकीट खिशात. मी उरलेले कोन वेचले आणि दोन खोक्यांत भरून टाकले. वरचा स्टिकर एक, आतला माल दोन लॉटचा. गोडाऊन चकाचक झालं. दिवाळीनंतर ती खोकी आप्पांच्या लूमवर गेली.

मिलमधून सहा ताके परत आले, पट्ट्यापट्ट्यांचे. शेठनं ते खात्याच्या मधोमध उलगडले. चाळीस लूम बंद केले होते, त्यामुळे शेठचा आवाज स्पष्ट ऐकू आला. आप्पांकडे बघत ते अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हणाले, "आप्पा, हवे तमारी आंख गई." आता तुमची नजर गेली.

मी पाच पावलांवर उभा होतो. माझ्या हातात सुताची यादी होती. मी ती वाचायला लागलो.

आप्पा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मी का बोललो नाही याची कारणं मी अकरा वर्षं मांडतोय आणि ती दरवर्षी बदलतात. मुलगा लहान होता. नोकरी नवी होती. शेठ ऐकणारा नव्हता. आता मुलगा नोकरीला लागलाय, मी त्याच खात्यात मास्तर झालोय, शेठ वारलेत आणि त्यांचा मुलगा गादीवर बसतो. एकही कारण शिल्लक नाही, तरी मी गप्पच. माझ्या मनात एकच गोष्ट चाले, आप्पांना सांगायचं. फक्त ते कसं, हे कळत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको, कमलवहिनी, गेल्या. मुलगी नंदुरबारला दिलेली. तेव्हापासून मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. लोक म्हणतात, रवीभाऊ म्हणजे सख्ख्या भावासारखा. मी ते ऐकून घेतो. मला पोलिसांच्या मालिकेची काडीइतकी आवड नाही.

आप्पांची आणखी एक खोड सांगतो. मोफत नेत्रतपासणीचं शिबिर कुठेही असो, लिंबायत असो की डिंडोली, ते पहिल्या रांगेत. डॉक्टर सांगतात, काका, वयाच्या मानानं नजर छान आहे, वाचायचा चष्मा तेवढा लावा. आप्पांना ते मुळीच पटत नाही. "नीट देखा ना डॉक्टर." डॉक्टर पुन्हा बघतात. आप्पा बाहेर येऊन मला सांगतात, "त्यासनं मशीन खराब शे." तीन शिबिरांत तीन मशीनं खराब निघाली. मी हसायचो.

असो. तर मालिकेत गेल्या वर्षी एक नवीनच भानगड सुरू झाली. चौहानवर खोटा आळ आला. कोठडीतला आरोपी पळाला, आणि चावी चौहानकडे होती म्हणून वरून चौकशी लागली. खरं तर चावी तिवारीच्या हातून टेबलावर राहिली होती. ते तिवारीला माहीत, आपल्याला माहीत, चौहानला माहीत नाही. चौकशीच्या खोलीत मोठ्या साहेबानं तिवारीला विचारलं. कॅमेरा तिवारीच्या तोंडावर गेला. तिवारीनं टोपी काढून हातात घेतली आणि तो टोपीकडे बघत राहिला.

"काय बोलना?" आप्पांनी मला विचारलं. आवाज बंद, तरी मला विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच नही?"

"काहीच नाही हो आप्पा, ओठ कुठे हलले?"

माझ्या हातातला चहा निवून गेला होता. आप्पा टीव्हीला नाक लावून उभे होते, आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. हे मला उद्देशून चाललंय का? मालिका मुंबईत कुठेतरी लिहिली जाते, त्या लेखकाला माझ्या गोडाऊनचं काय माहीत? पण आप्पांना? आप्पांना माहीत आहे का?

इथून पुढे माझा पुरता गोंधळ उडाला.

चौहान निलंबित झाला. आप्पांनी त्या आठवड्यात तिवारीला दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. मला वाटलं, झालं, हे माझ्यासाठीच आहे. आठवड्यानं तेच आप्पा हळहळत म्हणाले, "तिवारीन्या डोयाखाले देख, कशा काया पडी गयात. झोपत नही तो." मला वाटलं, बघा, हेही माझ्यासाठीच. मी घरी जाऊन आरशात डोळ्यांखाली बघितलं. सुनंदा म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हटलं, काही नाही.

चौहान परत कामावर आला. पण तिवारीशी बोलेना. एकाच जीपमध्ये दोघं, आणि एक शब्द नाही. आप्पांनी हिशेब ठेवला, एकवीस भाग अबोला. मधल्या काळात सुरतभर मालिकेतल्या खून, दरोडे, बँकलुटीच्या चर्चा रंगत होत्या आणि आमच्या घराच्या पलीकडे एकच तपास चालू होता, की साहेब बोलणार कधी.

एकदा मी धीर केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आप्पा, तिवारीनं सांगून टाकावं, नाही का?"

"काबर?" ते साडीवरून मान वर न करता म्हणाले. "आते सांगीसन काय करशी?"

"कोण, मी?"

त्यांनी मान वर केली. "तू काबर? तिवारी रे, तिवारी. तुले काय सांगनं शे?"

"मला कुठे काय."

"मंग चहा पी."

त्यातच होळीच्या सुमाराला त्या चॅनलवर रंगांचा एक मोठा कार्यक्रम झाला. सगळ्या मालिकांमधली माणसं एकत्र येऊन नाचली. आणि त्यात चौहान आणि तिवारी, एकमेकांच्या गळ्यात हात घालून, तोंडाला गुलाल फासून, कंबर हलवत होते. आप्पांच्या हातून कात्री पडली.

"समझोता व्हयना?" ते ओरडले. "कव्हय व्हयना? आपला भाग चुकना का रे रवी?"

मी समजावलं, की आप्पा, ते नट आहेत, हा कार्यक्रम वेगळा, मालिका वेगळी. त्यांनी ऐकून घेतलं, पण दोन दिवस ते बेचैन होते. दुसऱ्याच दिवशी मालिकेत पुन्हा अबोला. "काल नाचना अन् आज बोलत नही," ते मला पुन्हा पुन्हा म्हणत. "नाचता येस, मंग बोलाले काय व्हस?" आम्ही दोघंही गणपतीच्या मिरवणुकीत दरवर्षी एकत्र नाचतो.

आणि मग मालिका बंद झाली.

काही सांगणं नाही, निरोप नाही. शनिवारी साडेसातला टीव्ही लावला तर लहान मुलांची गाण्याची स्पर्धा. आप्पांना आधी वाटलं वेळ बदलली. मग वाटलं केबल बिघडली. ते तडक नाक्यावर केबलवाल्याच्या टपरीवर गेले, मी मागून. केबलवाला गुजराती, तोंडात मावा.

"काका, चेनलवाळाए बंध करी दीधी. हुं शुं करूं?"

"आसं कसं बंद? ते दोघं बोलनाच नही आजून!"

"कोण दोघं?"

"चौहान अन् तिवारी!"

केबलवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. तो म्हणाला, "काका, खुनी तो पकडाई गयो ने? पछी शुं?" आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं घाईघाईनं मावा थुंकला आणि आत गेला.

घराशी परत आल्यावर आप्पा म्हणाले, "रवी, तुनं अक्षर चांगलं शे. उद्या वही लई ये. चॅनलले चिठ्ठी लिखनी शे."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी वही घेऊन गेलो. आप्पांनी गठ्ठा बाजूला सारला, पण एक साडी सवयीनं मांडीवर राहिलीच. ते अहिराणीत सांगणार, मी हिंदीत उतरवणार, असं ठरलं.

"लिख. साहेब, नमस्कार. तुम्ही मालिका बंद केली, त्याचं काही नाही. खून बघून बघून आमचं पोट भरलं. पण त्या दोघांना असं मध्येच सोडून जाणं बरोबर नाही."

मी लिहिलं.

"आते लिख, चौहानले राग नही."

मी लिहिलं.

"खोड. राग शे."

मी खोडलं.

"राग शे, पन..." ते थांबले. "नही, पहिलं व्हतं तेच ठेव." मी परत लिहिलं. त्यांनी तेही खोडायला लावलं. कागदावर नुसती खोडाखोड झाली. आप्पा कात्रीनं साडीचे धागे कापत होते, आणि कापायचे संपल्यावरही कात्री हवेत चालू होती. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "तू सांग रे. तिवारीले काय वाटत व्हई? त्यानं चूक लपाडी, साहेबले भोगू दिधं, अन् रोज त्याच जीपमा बठस. काय वाटत व्हई त्याले?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही सापडलं नाही. आवाज चालू असूनही मला काहीच कळत नव्हतं.

"मला माहीत आहे काय वाटतं ते," मी म्हटलं. "आप्पा, त्या खोक्यांत दोन लॉट मी भरले होते."

त्यांना पटकन कळलंच नाही. "कोनत्या खोक्या?"

"सहा ताके. पट्टे पडले ते. दिवाळीच्या आधी गोडाऊन आवरताना उरलेले कोन मी एकत्र केले. दोन खोकी होती. ताके परत आले तेव्हाच मला कळलं होतं. शेठ तुम्हाला बोलत होते तेव्हा मी तिथेच होतो."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी रिक्षाला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"मी तुले इचारं व्हतं," आप्पा म्हणाले.

हे मी वर लिहिलं नाही. लिहायचं टाळलं. पण त्यांना आठवत होतं, आणि मलाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ते एक कोन हातात घेऊन गोडाऊनच्या दारात आले होते. सुताचा पदर उजेडाला धरून म्हणाले होते, रवी, हे एकाच लॉटचं आहे ना रे? मला काहीतरी निराळं वाटतंय. आणि मी, वर न बघता, म्हटलं होतं, "स्टिकर बघा ना आप्पा. एकच आहे. तुमचे डोळे आता म्हातारे झाले." मी थट्टा केली होती. ते हसून परत गेले होते. चूक माझ्या लक्षात नंतर आली, पण ते वाक्य माझंच. शेठनं ते दुसऱ्यांदा म्हटलं फक्त.

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हटलं. "मी बघितलं नाही."

आप्पांनी कात्री खाली ठेवली. मांडीवरच्या साडीचा पदर उचलला, दोन बोटांत धरला आणि दाराकडून येणाऱ्या उजेडात नेला. बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे मन्हा डोया चांगला व्हतात," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, विचारल्यासारखं, "चांगला व्हतात ना रे?"

तेव्हा मला समजलं. मला अकरा वर्षं वाटत होतं, की मी त्यांची नोकरी घालवली. पण नोकरी दुसरीकडे मिळाली असती. चार खात्यांतून बोलावणं आलं होतं, तेव्हा ते गेले नाहीत, आणि आम्ही म्हणायचो, आप्पा मानी माणूस. मान कसला! त्यांचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वासच उडाला होता. दुसऱ्याचं कापड आपल्या हातून खराब होईल म्हणून त्यांनी लूमला परत हात लावला नाही. शिबिरांतली मशीनं खराब नव्हती, आणि मी हसायचो.

"कमल गाडीन्या पाट्या वाचीसन दाखाडे माले," ते म्हणाले. "मी म्हने, माले दिसस. ती म्हने, ऱ्हाऊ द्या, तुमनी नजर गई ना." त्यांनी पदर परत मांडीवर ठेवला. "तिले सांगाले पाहिजे व्हतं रे. तिले तरी."

मी काहीतरी म्हणायला गेलो. शेठच्या मुलाला जाऊन सांगतो, असं काहीतरी. त्यांनी हात वर केला.

"त्याले मी कोन शे माहीत नही. जाय. घर जाय."

मी वही तिथेच विसरून आलो.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती ऐकत कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "आणि मी तुम्हाला देवमाणूस समजत होते," आणि कणीक फार जोरात मळली.

पुढचे काही दिवस मी आप्पांची मालिका बघितली. म्हणजे भिंतीपलीकडून, मुकी. त्यांचं दार दिवसभर उघडं असायचं, ते आता लोटलेलं. ठसका आला नाही. सुनंदानं भाजीची वाटी पाठवली, ती धुऊन परत आली, आणि त्यात चार हिरव्या मिरच्या. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते, ही आमच्याकडची रीतच आहे. पण त्या मिरच्यांचा मी दोन तास विचार केला. रीत म्हणून घातल्या? की झोंबाव्यात म्हणून? एरवी ते शेंगदाणे घालतात. सुनंदा म्हणाली, "शेंगदाणे संपले असतील." हे मला सुचलं नव्हतं.

बुधवारी ते नळावर दिसले. माझ्याकडे बघितलं आणि बादली उचलून गेले. चेहऱ्यावर राग होता का? नव्हता. मग माया? तीही नाही. आप्पा असते तर त्यांनी मला नक्की सांगितलं असतं, की या चेहऱ्यावर काय होतं. पण नेमका त्यांचाच चेहरा वाचायचा होता, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी पलीकडे फोन वाजला. नंदुरबारची मुलगी दर रविवारी करते. आप्पा फोनवर ओरडून बोलतात, नंदुरबार लांब आहे म्हणून. मी भिंतीला कान लावला नव्हता. खोटं कशाला बोलू, लावला होता.

"ऐक ना माय. मन्हा डोया त्या टाइमले चांगला व्हतात... हाँ, ते पट्टावाला ताका. सूतच दोन जातनं व्हतं. मी बरोबर देखेल व्हतं." बराच वेळ ते नुसतं हं हं करत होते. मुलगी विचारत असणार, अकरा वर्षांनी हे कुठून कळलं, कुणी सांगितलं.

"कोनी नही माय," आप्पा म्हणाले. "आसंच, एक जुना मानूस भेटना व्हता."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

मग ती नेहमीचं म्हणाली असणार, बाबा, एकटे राहू नका, इकडे या. ती दर रविवारी म्हणते. आप्पांचा आवाज एकदम खाली आला. इतका, की मला कान आणखी दाबावा लागला.

"नही माय. एकला कसा? शेजारले रवी शे ना."

मी भिंतीपासून सरलो. हे त्यांनी मला ऐकू जावं म्हणून म्हटलं, की लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून, की त्यांना ते खरंच तसं वाटतं, यातलं काहीही मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी खोलीच्या मध्ये उभा होतो. सुनंदा दारातून बघत होती.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

मी भिंतीकडे नुसतं बोट दाखवलं.

"मग जा ना," ती म्हणाली. "इथे काय उभे राहिलात?"

मी चपलाही न घालता गेलो.